किडनीची बायोप्सी करण्याआधी: अँटी-पीएलए२आर रक्ततपासणी

पायांवर, डोळ्यांभोवती सूज आणि लघवीला फेस, ही किडनीतून प्रथिने गळत असल्याची लक्षणे असू शकतात. लघवीच्या तपासणीत गळती कळते, कारण कळत नाही. मिनिमल चेंज डिसीज आणि मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी वरवर सारखेच दिसतात; पण पहिल्यात स्टिरॉइड सहसा चांगले लागू पडते, दुसऱ्यात नुसत्या स्टिरॉइडचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून प्रौढांमध्ये नेमक्या निदानासाठी बहुधा बायोप्सी करतात.

मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात पीएलए२आर या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी असते. हा शोध २००९ मध्ये लागला.

पॉझिटिव्ह असेल तर: किडनीचे काम चांगले असल्यास बायोप्सी टाळता येऊ शकते. पुढे अँटीबॉडीचे प्रमाण घटू लागले, तर उपचार लागू पडत असल्याचा तो चांगला संकेत असतो.

निगेटिव्ह असेल तर: मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी नाहीच, असे समजू नका. अशा वेळी बायोप्सी लागू शकते.

मधुमेहातही प्रथिने गळतात, त्यामुळे जुने रिपोर्ट सोबत न्या. किडनीतज्ज्ञांना विचारा, ‘बायोप्सीआधी ही तपासणी माझ्यासाठी उपयोगी आहे का?’ निदान होण्याआधी मनाने स्टिरॉइड सुरू करू नका.