रुपयाचा लगाम कोणाच्या हाती?

मित्रहो, मागच्या वेळी आपण हायेकपाशी थांबलो होतो. पैसा काढण्याची सरकारची मक्तेदारी मोडा, असं हायेक 1976 साली म्हणाले, आणि ते अनेकांना धक्कादायक वाटलं. पण त्यामागची मूळ शंका आपल्याच एका माणसाने 1923 साली लंडनमध्ये छापून ठेवली होती. डॉ. आंबेडकर, पुस्तक ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’.

1893 पर्यंत कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या साली ही मुभा गेली. किती रुपये पाडायचे, हे सरकारच्या मर्जीवर आलं. पुढे यातूनच सुवर्ण विनिमय पद्धती उभी राहिली. 1913 मध्ये केन्सने तिची वाखाणणी केली. आंबेडकरांना मात्र खुपली ती नेमकी ही मर्जीच. त्यांचा युक्तिवाद बघा: बँकेने बेताल पैसा काढला तर तिचंच भांडवल बुडतं, सरकारी अधिकाऱ्याच्या खिशातून मात्र दमडी जात नाही. मग तो हात आखडेल कशाला? तेव्हा रुपये पाडण्याला पक्की मर्यादा घाला आणि चलनात सोनं येऊ द्या.

मग त्यांना मुक्त बाजारवाले म्हणायचं का? मी तत्त्वज्ञानाचा माणूस, शिक्के मारायला कचरतो. रुपये वाढले की रुपया घसरतो, निर्यातदाराला नफा होतो. हा नफा येतो कुठून? आंबेडकर सांगतात, भाव चढतात पण मजुरी मागे राहते, त्या फरकातून. मर्यादा मागताना त्यांच्या डोळ्यांपुढे हा मजूरही होता.