हँग अप: फोन टांगायचा की ठेवायचा?

परवा ऑफिसात एका नवीन मुलाने विचारलं, "हे नोहप म्हणजे काय?" रात्रभर चालणारा त्याचा प्रोग्रॅम कनेक्शन तुटल्यावर मेला होता. मी म्हटलं, "नो हँग अप." तर म्हणे, "पण इथे फोन कुठे आहे?" प्रश्न बिनतोड होता. माझा शनिवार त्यातच गेला.

हँग अप म्हणजे मुळात वर टांगणे, शर्ट खुंटीला टांगतो तसं. १८७६ साली ग्रॅहॅम बेलने टेलिफोनचं पेटंट घेतलं. पुढे भिंतीवरचे फोन आले, त्यांच्या बाजूला एक आकडा असे. ऐकायचा भाग त्यावर टांगला की वजनाने आकडा खाली जाई आणि लाईन बंद! म्हणजे बोलणं संपवणं हे खरोखरच टांगणं होतं. नंतर टेबलावरचे फोन आले, आकडा गेला, शब्द मात्र राहिला. त्याला फाटेही फुटले. 'हँग अप ऑन' म्हणजे समोरचा बोलत असताना फोन आपटणे, 'हंग अप' म्हणजे मन एकाच गोष्टीत अडकणे, आणि खेळाडूने बूट 'हँग अप' केले की समजायचं, निवृत्त झाला.

युनिक्स १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मलं, म्हणजे टेलिफोन कंपनीच्याच घरात. दूरचं टर्मिनल तेव्हा मोडेम लावून फोनच्या लाईनवरून जोडत. लाईन तुटली की तिथल्या प्रोग्रॅमना निरोप जाई: सिगहप, सिग्नल क्रमांक १. निरोप आला की प्रोग्रॅम बंद. तो कानाआड करायला लावते ती कमांड नोहप. गंमत अशी की पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हरना टर्मिनलच नसतं, म्हणून तोच सिग्नल 'कॉन्फिगरेशन पुन्हा वाच' या अर्थाने वापरात आला. एंजिनएक्स आजही तो तसाच समजतो.

आणि आपण मराठी माणसं? आपण फोन टांगला नाही, ठेवला. क्रोशाच्या रुमालावरचा तो काळा फोन आठवतोय ना? आई अजून मोबाईलवरसुद्धा "ठेवू का?" विचारते आणि क्षणभर थांबते. हँग अपमध्ये ही परवानगी नाही, आमच्या 'चल, कट करतो'मध्ये तर नाहीच.

गेल्या महिन्यात मीटिंगच्या घाईत मी तिचं ते थांबणं न ऐकताच लाल बटण दाबलं. तिला बाबांच्या तपासणीबद्दल सांगायचं होतं. मला ते दोन दिवसांनी ताईकडून कळलं. रिपोर्ट नॉर्मल आला, पण ते दोन दिवस आई एकटीच काळजी करत होती.

असो. हल्ली "ठेवू का?" मी विचारतो.