मांडव कोणाचा?

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची एकशेएकावी जयंती साजरी झाली. व्याख्याते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि निमंत्रण होते डेक्कन सभेचे. हे निमंत्रण स्वीकारायला आपण फारसे राजी नव्हतो, असे बाबासाहेबांनी पुढे छापील व्याख्यानाच्या प्रस्तावनेत लिहिले आहे. रानड्यांवर बोलायचे म्हणजे सामाजिक आणि राजकीय प्रश्न टाळता येणार नाहीत, आणि त्यांवरची आपली मते श्रोत्यांना, कदाचित खुद्द यजमानांनाही, रुचणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. तरीही ते गेले, आणि सभेनेही त्यांना बोलू दिले.

वाचकहो, यात एवढे सांगण्यासारखे काय, असे आपणास वाटेल. त्यासाठी ही डेक्कन सभा निघाली कशी ते पाहावे लागते. त्या कथेत चिखल आहे, चहा आहे आणि एक मांडव आहे. आपल्या इंदूरचाही त्या मांडवाशी संबंध आहे.

आरंभ २ एप्रिल १८७० पासून करू. त्या दिवशी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे तिचे प्रवर्तक. सभासद व्हायचे तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. एकट्याच्या मताला तिथे किंमत नव्हती. तू कोणाच्या वतीने बोलतोस, हा प्रश्न आधी. पुढच्याच वर्षी रानडे बदलून पुण्यास आले आणि सभेत जीव आला. १८७५ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती आजही दर वर्षी २१ एप्रिल ते २० मे या काळात भरते. आपल्या गावोगावच्या व्याख्यानमाला या एका अर्थाने तिच्याच लेकी.

त्याच १८७५ च्या पावसाळ्यात स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले. रानडे आणि त्यांचे मित्र यांनी त्यांची व्याख्याने करवली. मूर्तिपूजेवर आणि जन्मजात जातिभेदावर तोफ डागणारा हा संन्यासी, आणि ऐकणारे पुणे. व्याख्याने पार पडली. शेवटी स्वामींची मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढून तिला तोंड दिले आणि दंगा झाला. जोतीराव फुले आपली माणसे घेऊन स्वामींच्या बाजूने उभे राहिले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. वेदप्रामाण्य त्यांना कधीच मान्य नव्हते. बोलणाऱ्याला बोलू द्यावे एवढ्यासाठी ते आले होते. रानडे त्या दिवशी घरी आले ते चिखलाने भरलेले कपडे घेऊन, असे रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. सर्वांबरोबर चालत होतो, तर चिखल आपल्यावरही उडायचाच, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी विषय संपवला. तेव्हा ते सरकारी न्यायाधीश होते, हे ध्यानात ठेवावे.

मात्र या व्यासपीठाला एक उंबरठा होता आणि तो सर्वांना सारखा नव्हता. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती. रानड्यांनी जोतीरावांना बोलावले. जोतीरावांनी नकाराचे पत्र पाठवले आणि ते ‘ज्ञानोदया’त छापूनही आले. त्याचा मथितार्थ असा की, जे लोक शूद्रातिशूद्रांचे माणूस म्हणून असलेले हक्क राजीखुशीने मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचे जमायचे नाही. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी हा माणूस रस्त्यावर उतरला होता, त्यांच्याच निमंत्रणाला हे उत्तर. साहित्यसंस्थांत वावरणाऱ्या आपण सर्वांनी हे पत्र मुळातून वाचावे. निमंत्रण पाठवले म्हणजे दार उघडले असे होत नाही, हे त्याहून स्पष्टपणे मराठीत कोणी सांगितलेले मला माहीत नाही.

आता चहा. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांत रानडे होते, टिळकही होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. काहींनी घेतली, काहींनी नुसता पेला हाती धरला. गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान, आणि खोडसाळपणात पुण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता) यांनी हजर असणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात छापवली. झाले! ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांकडे प्रकरण गेले, प्रायश्चित्ते झाली. आज हसू येते. पण परमतवाल्याच्या घरी नुसते जाऊन बसण्याची किंमत काय होती, ते यावरून कळते. त्या काळी एकमेकांचे ऐकायला जाणे ही सभ्यतेची गोष्ट नव्हती. जातीतून बाहेर पडण्याची तयारी ठेवूनच जावे लागे.

पुढच्या वर्षी संमतिवयाचा कायदा आला. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करण्याचा तो प्रश्न होता, पण शहर दुभंगले. सुधारकांनी क्रीडाभुवनात भरवलेली सभा उधळली गेली. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. टिळकांचा पक्षही न्यायाने सांगितला पाहिजे. परक्या सरकारच्या कायद्याने आमच्या घरात सुधारणा नको, लोकांना आधी बरोबर घ्या, त्यांच्या पुढे चार पावले पळून राजकारण होत नाही, असे ते म्हणत. हे म्हणणे पोकळ नव्हते. सभा उधळणाऱ्यांना मात्र त्या युक्तिवादाशी काही देणेघेणे होते असे मला वाटत नाही.

या सगळ्याचा कळस झाला तो मांडवावर. १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा त्याच्या जोडीने सामाजिक परिषद सुरू झाली. तिचे संस्थापक रानडे आणि दिवाणबहादूर रघुनाथराव. हे रघुनाथराव म्हणजे तंजावरच्या मराठी घराण्यातले, आणि आपल्या होळकर दरबारचे दिवाण. पहिल्या परिषदेचे अध्यक्ष सर टी. माधवराव हेही तंजावरचेच मराठी, आधी इंदूरचे आणि मग बडोद्याचे दिवाण. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांचा या उपक्रमात एवढा वाटा होता, हे पुण्यातही फारसे कोणी सांगत नाही; आपण तरी सांगावे.

सोय साधी होती. काँग्रेस संपली की त्याच मांडवात सामाजिक परिषद भरे. सकाळी करांवर आणि कायदेमंडळांवर बोललेला माणूस नंतर त्याच खुर्चीवर बसून विधवाविवाहाबद्दल ऐकून घेई. पटले नाही तर उठून जाण्याची मुभा होती, आणि अनेकांनी ती वापरलीही. पण खुर्ची एकच होती.

१८९५ हे वर्ष पुण्याला फार जड गेले. जूनमध्ये आगरकर गेले. त्याच वर्षी सार्वजनिक सभेच्या निवडणुकीत टिळकपक्षाने बहुमत मिळवले आणि रानडे-गोखल्यांच्या हातून ती संस्था सुटली. डिसेंबरात सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस पुण्यात भरायची होती. मांडव सर्वांच्या वर्गणीचा, तो सुधारकांच्या परिषदेला देऊ नये, असा गिल्ला झाला. परिषद तिथे भरली तर मांडव जाळू, इथपर्यंत धमक्या गेल्या. रानड्यांनी माघार घेतली. सामाजिक परिषद वेगळ्या मांडवात भरली.

रानड्यांचे चुकले का? त्यांचे चाहते म्हणतात, त्यांनी काँग्रेस वाचवली. ते खरेच आहे; अधिवेशन शांततेत पार पडले. रानड्यांच्या स्वभावातच तडजोड होती आणि त्या आठवड्यापुरती ती शहाणपणाची होती. पण मला वाटते, त्यांनी सोडले ते त्यांच्या हिशेबापेक्षा पुष्कळ अधिक होते. वेगळ्या मांडवात त्यानंतर कोण जाणार? ज्याला आधीच पटलेले आहे तोच. विरोधकाच्या कानावर आपला शब्द पडण्याची जी एक जागा होती, ती गेली. परिषदा भरत राहिल्या, ठराव होत राहिले. वाद संपला आणि दोन्ही बाजू आपापल्या टाळ्यांत बसल्या.

सार्वजनिक सभा गेल्यावर रानड्यांनी १८९६ मध्ये नवी संस्था काढली. तीच डेक्कन सभा. आपल्याच घरातून बाहेर पडावे लागलेल्या माणसाने बांधलेले हे दुसरे घर.

मध्ये चाळीस वर्षे सोडून देऊ. १८९१ साली, म्हणजे संमतिवयाच्या धामधुमीच्याच वर्षी, इथे जवळच महूच्या छावणीत जन्मलेले आणि बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकलेले डॉ. आंबेडकर १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेचे अध्यक्ष व्हायचे होते. मंडळाने भाषण आधी मागवले, काही भाग गाळायला सांगितला. बाबासाहेबांनी नकार दिला आणि मंडळाने परिषदच रद्द केली. न झालेले ते भाषण त्यांनी स्वतः छापले. त्याच्या आरंभीच १८९५ च्या पुण्याचा मांडव आहे. काँग्रेस आणि सामाजिक परिषद यांची फारकत झाली तेव्हा देशाने काय गमावले, हा त्यांचा सवाल होता. त्या धमकीचा ठसा चाळीस वर्षांनीही पुसला नव्हता.

आता पुन्हा १९४३ च्या त्या सभागृहाकडे या. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. ‘चले जाव’ला सहा महिने होत आले होते. गांधीजी त्याच शहरात, आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान होते. त्या संध्याकाळी वक्त्याने रानड्यांची तुलना गांधी आणि जिना यांच्याशी केली, आणि त्या दोघांच्या अहंकाराने देशाचे राजकारण अडवून ठेवले आहे असे रोखठोक सांगितले. विभूतिपूजेवर कोरडे ओढले. एवढ्यावर न थांबता यजमानांच्या नेमस्त परंपरेलाही त्यांनी सोडले नाही: तत्त्वे चांगली, पण लोकांपर्यंत पोहोचणारी संघटना तुम्ही बांधली नाहीत, म्हणून तुम्ही मागे पडलात. काँग्रेसच्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली.

लाहोरच्या सुधारकांना जे जमले नाही ते पुण्याच्या नेमस्तांना जमले. सरकारी मंत्र्याला बोलावण्यात कसले धाडस, असे कोणी म्हणेल. पण मंत्र्याकडून दोन गोड शब्द ऐकून हार घालता आला असता. स्वतःच्या संस्थापकाच्या जयंतीला, स्वतःवर टीका होईल हे ठाऊक असता, सभेने तसे केले नाही.

हे सर्व मी पुण्याचे कौतुक म्हणून लिहीत नाही. वक्त्यांची नावे ठरवायला आपण कार्यकारिणीत बसतो तेव्हा एखाद्या नावावर कोणीतरी हळूच म्हणते, ‘उगाच वाद होईल,’ आणि ते नाव खाली जाते. असे माझ्या देखत झाले आहे आणि मीही मान हलवलेली आहे. नाव कोणत्या बाजूचे होते ते सांगत नाही, कारण दोन्ही बाजूंची नावे अशी गेली आहेत. घरचे वातावरण बिघडू नये, परमुलखात आपण मराठी मंडळी मूठभर, ती फुटू नये, ही आपली कारणे. १८९५ साली रानड्यांचे कारण याहून वेगळे नव्हते.

बाबासाहेबांच्या मनात ते व्याख्यान छापायचे नव्हते. पुढे त्यांनी विचार बदलला, १५ मार्च १९४३ ही तारीख घालून प्रस्तावना लिहिली, आणि टीकाकारांना तिथेच उत्तर दिले. पुस्तिका छोटी आहे. पुढच्या हंगामाची नावे काढण्यापूर्वी आपल्या कार्यकारिणीने ती मागवून घ्यावी, आणि जोतीरावांचे १८८५ चे पत्रही.