त्यागाची दंतकथा आणि मास्तरांचा पगार

शिक्षकांविषयी आपल्याकडे दोन समज रूढ आहेत. एक उघड कुत्सित : अर्धा दिवस काम, लांबलचक सुट्ट्या आणि पगार मात्र भरपूर. दुसरा वरकरणी आदराचा : खरा शिक्षक पैशाकडे पाहत नाही. मला हा दुसरा अधिक घातक वाटतो. त्याच्या समर्थनार्थ हमखास चिपळूणकर, टिळक, आगरकर यांचे दाखले दिले जातात. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढणारी ही मंडळी तुटपुंज्या वेतनावर राबली, हे खरेच. परंतु त्याच मंडळींत पुढे वेतनावरूनच फूट पडली, हे सांगण्याचे बहुधा राहून जाते.

टिळक-आगरकरांचा वाद आपण ‘आधी सामाजिक की आधी राजकीय’ या सूत्रात बसवून मोकळे होतो. वास्तविक १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या अंतर्गत बैठकींत भांडण बरेचसे पैसा आणि वेळ यांचे होते. घरखर्च वाढतो तसे वेतन वाढावे, बाहेर काही मिळवण्याची मुभा असावी, असे आगरकरांच्या बाजूचे म्हणणे. आजीव सदस्याचा सारा वेळ संस्थेचा, असा टिळकांचा आग्रह. टेंभूच्या गरीब घरातून आलेल्या आगरकरांच्या तुलनेत टिळकांची घरची स्थिती बरी होती, हे येथे विसरता येत नाही. तरीही टिळकांची भूमिका निव्वळ हटवादी नव्हती. सवलती सुरू झाल्या की संस्थेचा पायाच खचेल, ही त्यांची भीती होती.

१८९० साली गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले आणि ठिणगी पडली. वर्गातले तास संपल्यावर उरणारा वेळ कोणाचा? त्या वर्षअखेर टिळक सोसायटीतून बाहेर पडले.

या ‘उरलेल्या’ वेळात काय होत असे, तेही पाहण्याजोगे आहे. वामन शिवराम आपटे फर्ग्युसनचे प्राचार्यपद सांभाळत असतानाच त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी, चौतिसाव्या वर्षी, ते वारले. त्यांच्यामागून प्राचार्य झालेले आगरकर दमेकरी; अध्यापन, प्राचार्यपद आणि ‘सुधारक’ यांतच १८९५ मध्ये त्यांचे आयुष्य सरले. वेळापत्रकात यातले फक्त तास दिसतात. उत्तरपत्रिका, टाचणे, तयारी तेव्हाही दिसत नव्हती, आजही दिसत नाही.

पुढे राज्यकर्त्यांनाही ही दंतकथा सोयीची ठरली. २००० साली महाराष्ट्रात ‘शिक्षण सेवक’ नेमण्याची योजना आली. पहिली तीन वर्षे पगार नाही, मानधन. प्राथमिक शाळेत दरमहा ३,००० रुपये. ‘सेवक’ आणि ‘मानधन’ हे दोन्ही शब्द त्याच भांडारातून उचललेले. प्राथमिकचा हा आकडा १६,००० वर जायला २०२३ साल उजाडावे लागले.