क्रिप्टिक क्रॉसवर्ड सुटत नाही? आधी वाक्याचा अर्थ लावणं सोडा

११ जानेवारी २०१३. इंग्लंडच्या 'द गार्डियन' या पेपरात नेहमीसारखं क्रॉसवर्ड छापून आलं. बनवणाऱ्याचं नाव, अराउकारिया. कोड्यासोबत एक सूचना होती : अराउकारियाला १९ चा १८ झाला आहे आणि त्यावर १३-१५ हे उपचार चालू आहेत.

हे आकडे म्हणजे कोड्यातल्या शब्दांचे नंबर. लोक घरं भरत गेले. १८ चं उत्तर निघालं कॅन्सर. १९ चं, अन्ननलिका. १३ आणि १५ जोडून झालं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होणार नाही हे धरून रुग्णाचा त्रास कमी ठेवण्यासाठी घेतली जाणारी काळजी.

अराउकारिया म्हणजे ९१ वर्षांचे पाद्री जॉन ग्रॅहम. 'मंकी पझल' नावाच्या झाडाचं हे शास्त्रीय नाव त्यांनी टोपणनाव म्हणून घेतलं होतं. १९५८ पासून ते गार्डियनसाठी कोडी बनवत होते. आपल्या आजाराची बातमी त्यांनी वाचकांना अशी स्वतःच शोधायला लावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले.

कोड्यातून असं काही सांगता येतं, कारण क्रिप्टिक कोडं सोडवणाऱ्याला एक भरवसा असतो. समोरचा आपल्याला चकवणार, पण खोटं बोलणार नाही.

आता हा प्रकार चालतो कसा ते बघू. मराठी पेपरातलं शब्दकोडं सरळ असतं. 'समुद्र (३)' असं दिलं की आपण 'सागर' लिहून मोकळे. कंसातला आकडा म्हणजे अक्षरं किती. क्रिप्टिक कोडी मुख्यतः इंग्रजीतच येतात, पण समजून घेण्यापुरती आपण मराठीतच बनवू. हाच 'सागर' क्रिप्टिकमध्ये असा येईल :

आरसा गरम, पोटात समुद्र (३)

वाचल्याबरोबर डोळ्यांसमोर आरसा येतो आणि आपण तिथेच फसतो. क्रिप्टिकच्या प्रत्येक ओळीत दोन भाग असतात. एका टोकाला, सुरुवातीला किंवा शेवटी, उत्तराचा साधा अर्थ असतो. उरलेल्या भागात ते उत्तर अक्षरांतून कसं बनवायचं याची कृती असते. इथे अर्थ शेवटी आहे, 'समुद्र'. 'पोटात' हा इशारा. 'आरसा गरम' सलग लिहा, आ-र-सा-ग-र-म, आणि मधली तीन अक्षरं उचला.

उलटी वाहिली नदी, झाली गरीब (२)

'नदी' उलटी लिहिली की 'दीन'. वाल्या कोळ्याचं 'मरा' आठवा, त्याचंही उलटून 'राम'च होतं.

गरम विस्कटून नदीत दबा धरून बसते (३)

ग-र-म ही अक्षरं विस्कटली की 'मगर'. इंग्रजी कोड्यात ड्रंक, क्रेझी, ब्रोकन असे शब्द दिसले तर बहुतेक वेळा शेजारच्या शब्दाची अक्षरं हलवायची असतात. 'आय हिअर' दिसलं तर स्पेलिंग विसरा, उच्चार ऐका.

दिव्याला हात लावला, सूर्य उगवला (४)

हा प्रकार थोडा अवघड, कारण यात 'हात' जसाच्या तसा घ्यायचा नाही, त्याचा दुसरा शब्द शोधायचा. दिवा अधिक कर, दिवाकर. इंग्रजीत अशा ठरलेल्या अदलाबदली पुष्कळ आहेत. 'वर्कर' म्हटलं की मुंगी किंवा मधमाशी. सगळ्यात खट्याळ म्हणजे 'फ्लॉवर'. आपण गुलाब-जास्वंद शोधत बसतो, आणि तिथे असते नदी, कारण जी 'फ्लो' होते ती 'फ्लो-अर'! पहिल्यांदा हे कळतं तेव्हा पेपर फेकून द्यावासा वाटतो.

एका गाजलेल्या ओळीत तर शब्दच नाहीत. एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ, एवढंच. उत्तर पाच अक्षरी, वॉटर. 'एच' टू 'ओ'.

क्रॉसवर्डचा जन्म १९१३ चा, न्यूयॉर्कमधला. त्याला असं वाकडं वळण दिलं इंग्लंडने. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये एडवर्ड पॉविस मॅथर्स 'टॉर्क्वेमाडा' या नावाने कोडी बनवू लागले. टॉर्क्वेमाडा हा स्पेनमधल्या धार्मिक छळासाठी कुप्रसिद्ध असलेला अधिकारी, म्हणजे वाचकाचं काय करायचंय ते नावातच सांगितलेलं. पुढे ए. एफ. रिची आणि डी. एस. मॅकनट यांनी खेळाला शिस्त लावली. दिशाभूल खुशाल करा, पण उत्तराकडे नेणारी वाट त्या ओळीतच असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. ही शिस्त नसती तर या कोड्यांना कंटाळून लोकांनी ती कधीच सोडून दिली असती, असं मला वाटतं.

भारतात 'द हिंदू'चं क्रॉसवर्ड १९७१ मध्ये सुरू झालं. ते बनवायचे ॲडमिरल राम दास कटारी, नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख. १९८३ मध्ये निधन होईपर्यंत हे काम ते एकटेच करत होते.

शिकायचं असेल तर पहिले काही दिवस सोडवायच्या भानगडीत पडूच नका. कालचं कोडं आणि आज छापून आलेली उत्तरं शेजारी ठेवा आणि प्रत्येक उत्तर कसं आलं ते उलट्या बाजूने शोधा. जोडीला कुणी असेल तर उत्तम. जिथे एकाला गुलाब दिसतो तिथे दुसऱ्याला नदी दिसते.

शेवटी एक तुमच्यासाठी. यात कृती नाही, दोन्ही टोकांना अर्थच आहेत, आणि शब्द एकच :

देव देतो तो मांडवात उभा (२)