यंत्रांचे दुभाषी

इ. स. १६७४ च्या मे महिन्यात हेन्री ऑक्झेंडन नावाचा इंग्रज वकील मुंबईहून निघून रायगडावर आला. त्याने राज्याभिषेकाचा सोहळा पाहिला, नजराणा केला आणि कंपनीच्या तहाचे कामही उरकून घेतले. ऑक्झेंडनचे नाव शाळेच्या पुस्तकातून पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असते. पण त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाषी होता, हे किती जणांना आठवते? एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मधला माणूस चुकता तर तहाचे कलमच चुकले असते. दुभाष्याचे काम चोख झाले की तो कुणाला दिसत नाही; चुकला म्हणजे मात्र दोन्हीकडचे त्याच्यावर धावून येतात.

आज मी ज्या धंद्याची हकीकत सांगणार आहे तो याच जातीचा आहे. बँकेचा हिशेब एका संगणकावर, रेल्वेची तिकिटे दुसऱ्यावर, दवाखान्याची नोंद तिसऱ्यावर. प्रत्येकाचा कारभार वेगळ्या मंडळींनी, वेगळ्या वर्षी, आपापल्या सोयीने बसवलेला. या कारभारांची एकमेकांशी बोलणी लावून देतो त्याला ‘सॉफ्टवेअर इंटिग्रेशन डेव्हलपर’ म्हणतात. नाव लांबलचक, पण काम शेणव्यांचेच.

या धंद्याचा आरंभ थोर शास्त्रज्ञांनी केला असेल असे आपल्याला वाटते. पण प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा विद्यार्थ्यांचा होता. अमेरिकेत १९६९ साली चार विद्यासंस्थांचे संगणक तारेने जोडायचे ठरले. चारही यंत्रे भिन्न बनावटीची. एकाची बोली दुसऱ्याला कळेना. बोलणी कोणत्या रीतीने व्हावीत हे ठरवण्याचे काम तरुण विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडले. त्यांतल्या स्टीव्ह क्रॉकर या चोवीस वर्षांच्या मुलाने एप्रिल १९६९ मध्ये पहिले टिपण लिहिले. आपण हुकूम सोडतो आहोत असे कुणा वडीलधाऱ्याला वाटू नये म्हणून या टिपणांना त्याने ‘अभिप्रायासाठी विनंती’ असे नरमाईचे नाव दिले. ही विनंतीपत्रे पुढे हजारांनी निघाली, आणि आजचे इंटरनेट त्यांच्यावरच चालते.

त्या वर्षीच्या २९ ऑक्टोबरला रात्री लॉस एंजेलिसहून पहिला शब्द पाठवला गेला. शब्द होता ‘लॉगिन’, इंग्रजीत पाच अक्षरांचा. पहिली दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचे यंत्र कोसळले! एका वेळी एकच अक्षर येणार असे धरून कुठेतरी जागा ठेवलेली, तिथे एकदम जास्त अक्षरे येऊन आदळली. तासाभरात दुरुस्ती झाली आणि पुरा शब्द गेला. या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलाने ही हकीकत ध्यानात ठेवावी असे मला वाटते. त्यालाही पहिल्याच आठवड्यात अशीच ठेच लागते, आणि तिचे कारणही बहुधा असेच असते: समोरचा काय पाठवील याबद्दल आपण मनाशी धरलेले एखादे गृहीत.

या मंडळींत आपल्याकडचाही एक विद्यार्थी होता. अभय भूषण हे कानपूरच्या आय. आय. टी.च्या पहिल्या तुकडीतून १९६५ साली पदवीधर झाले आणि पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत एम. आय. टी.मध्ये गेले. तेथे एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी ११४ क्रमांकाचे विनंतीपत्र लिहिले. एका संगणकावरची फाइल दुसऱ्याने कशी मागावी, कशी ठेवावी, तिचे नाव कसे बदलावे किंवा ती कशी पुसावी, याची रीत त्यात होती. पुढे अनेक दुरुस्त्या होऊन ही रीत दशकानुदशके जगभर वापरात राहिली. आता कुणी म्हणेल, एक कागद इकडून तिकडे न्यायला एवढी रीत कशाला? तर त्यातली मेख अशी, की संगणकाला अक्षर ठाऊकच नसते. त्याला फक्त आकडे ठाऊक. इंग्रजीतले पहिले मोठे अक्षर ‘ए’ एका पद्धतीत ६५ क्रमांकाने लिहीत, तर आय. बी. एम.च्या मोठ्या यंत्रांवर तेच १९३ असे. नुसते आकडे उचलून नेले तर पलीकडे गोंधळच दिसणार. म्हणून आधी ‘मी कोणत्या पद्धतीने बोलतो आहे’ हे सांगावे लागते.

आपल्या देशातले मोठे उदाहरण रेल्वेचे आहे. दिल्लीत १९८५-८६ मध्ये संगणकावर आरक्षण सुरू झाले. मग मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद. प्रत्येक केंद्रापाशी आपापल्या वाट्याच्या गाड्या. वडीलधाऱ्यांना आठवत असेल, परतीचे आरक्षण पूर्वी तारेने मागवावे लागे आणि उत्तर येईतो जीव टांगणीला! यंत्रे आल्यावरही ती वेगवेगळी असल्याने ही अडचण पुरती सुटली नव्हती. १९८६ साली स्थापन झालेल्या ‘क्रिस’ या रेल्वेच्याच संस्थेने पाचही केंद्रे जोडण्याची प्रणाली तयार केली आणि १९९९ साली हे काम पुरे झाले. सगळ्या गाड्यांचा हिशेब त्यांनी एकाच ठिकाणी ओतला नाही, यातच खरी हुशारी होती. ज्या गाडीचा हिशेब ज्या केंद्रापाशी, तो तिथेच राहिला. मागणी मात्र देशातल्या कोणत्याही खिडकीवरून तिथवर पोचू लागली. एकच बर्थ दोघांना विकला जाऊ नये, ही सगळ्यात कडक अट होती.

२००२ सालापासून घरबसल्या इंटरनेटवर तिकीट मिळू लागले आणि कारभारात बँकही आली. मग नवे दुखणे. खात्यातून पैसे गेले, पण तिकीट आले नाही! असे का व्हावे? तर बँकेने पैसे कापले आणि ‘कापले’ हा निरोप वाटेत हरवला. रेल्वे निरोपाची वाट बघत बसली. निरोप पुन्हा मागितला आणि बँकेने त्याला नवी मागणी समजून पैसे पुन्हा कापले तर? म्हणून प्रत्येक मागणीला एक स्वतंत्र क्रमांक देतात. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की पलीकडच्याने काम परत करायचे नाही, आधीचेच उत्तर द्यायचे. आणि रात्री दोन्हीकडच्या वह्या ताडून पाहायच्या. गावच्या सोसायटीचा सचिव काय वेगळे करतो? नव्या नोकरदाराने पहिले सहा महिने नवा कार्यक्रम लिहिण्याची घाई करू नये. पलीकडच्याचे कागद वाचावेत, रोजच्या नोंदी चाळाव्यात, आणि निरोप हरवला, उशिरा आला, दोनदा आला तर काय होईल ते मुद्दाम करून पाहावे. त्याच्या चुकीने एखाद्या आजारी माणसाचे तिकीट अडकते, ही गोष्ट त्याने विसरता कामा नये.

मराठी शिक्षकांनी तर हे दुखणे स्वतः भोगले आहे. शाळेत टंकलेली प्रश्नपत्रिका तालुक्याच्या संगणकावर उघडावी आणि मजकुराच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसाव्यात! प्रत्येक फाँटवाल्याने ‘क’ ला आपापला आकडा दिलेला. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तीत देवनागरीला स्वतःची जागा होती आणि ‘क’ चा क्रमांक जगभर २३२५ ठरला. तरी जुने फाँट पुष्कळ वर्षे चिकटून राहिले. एक गंमत सांगतो. ‘दुसऱ्या’, ‘चऱ्हाट’ यांतला अर्धा र आपल्याला हवा असतो, हिंदीला त्याचे फारसे काम नाही. तो लिहायला आपण २३५३ क्रमांकाचा नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतो. हे अक्षर मुळात द्राविडी भाषांतल्या एका उच्चारासाठी ठेवलेले. आपण त्याच्याच खोलीत बिऱ्हाड केले! जुन्या फाँटमधला मजकूर बदलून देणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर ‘दुसऱ्या’ चा ‘दुसर्‍या’ऐवजी ‘दुसर्या’ होतो आणि रेफ ‘या’ च्या डोक्यावर चढतो.

या धंद्यात शिरायला मोठे शहर लागते, ही समजूतही पुरती खरी नाही. सराव शाळेतही होतो. गुरुजींनी एक करून पाहावे. सातवीच्या मुलांना दोन याद्या द्याव्यात: एक हजेरीपटातली, एक आधारवरच्या नावांची, खरी नको, मनाने रचलेली. एकीत ‘विठ्ठल रामा पाटील’, दुसरीत ‘पाटील विठ्ठल रामचंद्र’. एकीत जन्मतारीख ३-४, दुसरीत ४-३. कोणता माणूस तोच आणि कोणता वेगळा, हे कशावरून ठरवले ते मुलांनी शब्दांत लिहावे. शेवटी कागदांची अदलाबदल करून एकाचा नियम दुसऱ्याने जसाच्या तसा लावून पाहावा. उत्तरे जुळली नाहीत तर नियमातला कोणता शब्द दोघांनी वेगळा घेतला, ते शोधायला त्यांना बसवावे.