काळाराम आठवतो, सिन्नर का आठवत नाही?

नाशिक जिल्ह्यातील आंबेडकरी चळवळीचा इतिहास विचारला की आपली पोरे दोन गोष्टी सांगतात. 2 मार्च 1930 चा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि 13 ऑक्टोबर 1935 ची येवल्याची धर्मांतर घोषणा. दोन्ही बरोबरच. पण ऑगस्ट 1941 मध्ये बाबासाहेब सिन्नरला आले होते, ते देवासाठी नव्हे तर जमिनीसाठी, हे आपण सहसा सांगत नाही.

ती परिषद महार वतनाच्या जमिनींवर वाढीव कर बसवण्याच्या विरोधात होती. इथे विरोधक लगेच विचारतात, 1928 ला मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल आणणारा माणूस 1941 ला वतनी जमीन वाचवायला कसा आला? आमचे उत्तर असे की, प्रश्न विचारणाऱ्यांनी वतन म्हणजे काय तेच समजून घेतलेले नाही.

वतन ही बक्षिसी नव्हती. सारा कचेरीत पोचवणे, शेताच्या हद्दी दाखवणे, मयताचा निरोप घेऊन उन्हातान्हात गावोगाव पळणे, मेलेले ढोर ओढणे. रात्री-बेरात्री हाक आली की उठायचे आणि एक माणूस आजारी पडला तर घरातला दुसरा उभा करायचा. त्याच्या बदल्यात जमिनीचा तुकडा, तोही पिढ्यापिढ्यांच्या वाटण्यांत इतका लहान झालेला की नांगर फिरवायला जागा नाही. उरलेला मोबदला बलुत्याचा, म्हणजे पाटलाच्या खळ्यावर हात पसरून मिळणारा. 1874 च्या वतन कायद्याने या गुलामगिरीला सरकारी शिक्का दिला.

बाबासाहेबांच्या बिलाचा गाभा साधा होता. पूर्ण सारा घ्या, जमीन आमच्या नावावर राहू द्या आणि गावकीतून आम्हाला मोकळे करा. ते बिल शेवटी मागे घ्यावे लागले. 1941 ला नेमके उलटे होत होते. सारा वाढणार होता, गावकी मात्र तशीच. मग विसंगती कुठे आहे? 1928 लाही आणि 1941 लाही मागणी एकच होती, बेडी तोडा, जमीन सोडू नका.

वतने गेली ती 1958 च्या कायद्याने. 1 ऑगस्ट 1959 पासून तो लागू झाला. जमिनी फेरदान झाल्या, पण नव्या शर्तीवर. ज्यांच्याकडे वतनाचाही तुकडा नव्हता, त्यांच्यासाठी दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड उभे राहिले. नाशिकचे हे खासदार 1959 ला भूमिहीनांच्या सत्याग्रहात होते. 6 डिसेंबर 1964 पासून तो लढा देशभर पेटला आणि लाखो माणसे, बायाबापड्या लेकरांसह, तुरुंगात गेली. (आज त्यांच्या नावाने सरकारी योजना आहे, भूमिहीन कुटुंबाला 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत. जमीन विकत मिळाली तर!)

निफाड-दिंडोरीची द्राक्षे परदेशात जातात, लासलगावच्या कांद्याच्या भावावर दिल्ली हलते. त्या बागांत छाटणीला आणि काढणीला कोण असते, हे आम्ही सांगायला नको. आमच्या पोरांनी जयंतीच्या वर्गणीबरोबर एक काम अंगावर घ्यावे. तलाठ्याकडे जाऊन आपल्या गावच्या वतनी गटांचे 7/12 आणि जुने फेरफार काढावेत. ‘भोगवटादार वर्ग 2’ असे लिहिलेली जमीन कोणाच्या नावावर आहे, कसते कोण, आणि मधल्या काळात कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती कोणाच्या घशात गेली, ते त्यात दिसेल.


जयभीम.